कट्टा टिकवायचाय ना? मग कथा तिथेच वाचा

नाशिकमध्ये विज्ञानकथाप्रेमींचा कट्टा सुरू केलात, पहिल्या भेटीला खोली भरली आणि तिसऱ्या भेटीला चौघंच उरले, असं तुम्ही लिहिलंय. आता वक्ते बोलवावेत की सगळ्यांनी मिळून एखादी कादंबरी वाचायला घ्यावी, असा तुमचा प्रश्न आहे. पुण्यात असाच एक कट्टा मी बरीच वर्षं चालवतोय. माझं मत विचाराल तर यातलं काहीच करू नका. चौघं भरपूर झाले. एक कथा निवडा आणि ती भेटीतच मोठ्याने वाचा.

कादंबरी ठरवली की अर्ध्या लोकांची ती वाचून होत नाही. मग ते संकोचाने फिरकत नाहीत, आणि एकदा चुकलेला माणूस पुढच्या वेळीही चुकतो. वक्ते बोलावले तर माणसं ऐकून जातात, एकमेकांशी बोलत नाहीत. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं होतात, ती फार चांगली असतात. तसलं काम संस्थांनी करावं. कट्ट्यावर प्रत्येकाला तोंड उघडायला मिळालं पाहिजे.

कथा दहा-बारा पानांची असावी. जुन्या दिवाळी अंकांत अशा कथा मुबलक सापडतात आणि त्यातल्या कित्येक पुढे कुठल्याच संग्रहात आलेल्या नाहीत. तुमच्याकडे तर 1840 पासूनचं सार्वजनिक वाचनालय नाशिक, म्हणजे ‘सावाना’ आहे. सावानात जाऊन जुन्या अंकांची चौकशी करा, भेटीसाठी एखादी खोली मिळेल का तेही विचारा.

वाचताना लेखकाचं नाव सांगू नका. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. आपल्या नावाचं दडपण परीक्षकांवर येऊ नये, एवढाच त्यात हेतू होता, आणि कथेला पहिलं बक्षीस मिळालं. वाचकांनाही ती मोकळीक मिळायला हवी. नाव झाकलं की लोक मोठ्या लेखकाच्या कथेतली कच्ची जागा बेधडक दाखवतात आणि अनोळखी लेखकाला मनापासून दाद देतात. नाव अगदी शेवटी, चहाच्या वेळी सांगा.

आणखी एक करा. कथा साधारण दोन-तृतीयांश झाली की थांबा आणि विचारा, पुढे काय होईल? एरवी गप्प बसणारा माणूसही इथे बोलतो, कारण अजून कुणाचंच उत्तर चुकलेलं नसतं. आमच्याकडच्या सर्वांत रंगलेल्या चर्चा या मध्यंतरातल्या आहेत.

‘हे शास्त्राला धरून नाही’ असं म्हणणारा एक जण प्रत्येक कट्ट्यावर असतो. त्याला गप्प करू नका, तो लागतोच. फक्त एक नियम ठेवा: लेखकाची एक अशक्य गोष्ट मान्य करायची आणि तिचे परिणाम त्याने इमानाने दाखवलेत का, ते तपासायचं. यान प्रकाशापेक्षा वेगाने जातं? ठीक, चालेल. पण मग त्याच जगात निरोप पोचायला वर्षानुवर्षं का लागतात? असे प्रश्न सुरू झाले की त्याच माणसाचं ज्ञान सगळ्यांच्या कामी येतं.

कधीकधी खेळही करावा. मंगळाकडे रेडिओ संदेश जायला अंतरानुसार 3 ते 22 मिनिटं लागतात. एकाला ‘मंगळावर’, म्हणजे बाहेरच्या व्हरांड्यात बसवा आणि चिठ्ठ्या दहा मिनिटं उशिरा पोचवा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत वीस मिनिटं जातात, तोवर इकडची माणसं पुढचे तीन प्रश्न पाठवून बसलेली असतात. दूरच्या ग्रहावरचं एकटेपण यातून जितकं कळतं तितकं समजावून सांगून कळत नाही. शाळकरी मुलं असतील तर हे जरूर करा.

दिवसाबद्दल मात्र हटवादी राहा. लॉस एंजेलिसचा विज्ञानकथाप्रेमींचा क्लब 1934 पासून चालू आहे आणि तिथला गुरुवार ठरलेला. सुरुवातीच्या काळात ही मंडळी एका कॅफेटेरियात जमायची. स्वतःची वास्तू झाली ती थेट 1973 मध्ये. जागा बदलली तरी माणसं येतात, पण वार डळमळला की पांगतात. ‘या वेळी कुणाला कधी जमेल?’ असं ग्रुपवर विचारणं आजच बंद करा. महिन्याचा तिसरा रविवार म्हणजे तिसरा रविवार, दोघंच आले तरी. आणि कथेवरची चर्चा ग्रुपवर आधीच होऊ देऊ नका, नाहीतर भेटीत बोलायला काय उरणार?

नाशिकला वाचक मिळत नाहीत हे मला पटत नाही. 2021 च्या डिसेंबरात तुमच्याच शहरात झालेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष नारळीकर होते. एका विज्ञानकथाकाराला तो मान मिळाला, आणि तोही नाशिकात! माणसं आहेत, ती अजून तुमच्यापर्यंत पोचलेली नाहीत. महाविद्यालयांतले भौतिकशास्त्राचे शिक्षक, आकाशदर्शनाला जाणारी मुलं, वाचनालयातले ग्रंथपाल यांना स्वतः भेटून बोलवा.

तरुण मुलं म्हणतात, आम्ही इंग्रजीतच वाचतो. काळजी करू नका. मराठी वाचताना अडखळणारी मुलं मराठी ऐकताना अडखळत नाहीत, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. मोठ्याने वाचण्याचा आग्रह आहे तो यासाठीही. अधूनमधून त्यांच्या आवडीची इंग्रजी कथाही घ्या, आणि ती त्यांनाच वाचू द्या.