'शनवार तेली' म्हणजे शनीला तेल पुरवणारे का?

प्रश्न असा आला आहे: अलिबागकडच्या जुन्या लिखाणात 'शनवार तेली' अशी जात सापडते. शनिवारी शनीला तेल वाहतात, तर ते तेल पुरवणारे हे लोक असावेत का? आणि आज हा शब्द वापरावा का?

तर्क झकास आहे, पण शनिमहाराजांचा इथे काडीचाही संबंध नाही. शनवार तेली म्हणजे कोकणातले बेने इस्राएल, मराठी बोलणारे ज्यू. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात जोडपी वाचली आणि त्यांचा हा वंश, अशी त्यांची परंपरा सांगते. गावोगाव पांगून त्यांनी तेलाचे घाणे घातले, गावांवरून किहीमकर, पेणकर, दिवेकर अशी आडनावं घेतली. घाणा शनिवारी बंद. शेजाऱ्यांना त्यांचा धर्म कळत नसेल, पण कोणत्या वारी घाणा फिरत नाही हे दिसत होतंच. नाव त्यावरून पडलं. याला जोडशब्दही आहे, 'सोमवार तेली'. ते हिंदू, सोमवार शंकराचा, म्हणून त्या दिवशी नंदीला जुंपायचं नाही.

म्हणजे बैलाला दोन्हीकडे सुटी! आणि ज्यूंच्या बाबतीत तीसुद्धा धर्माज्ञेनेच. देवाच्या दहा आज्ञांपैकी शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या विसाव्याची आज्ञा सांगते की सातव्या दिवशी तू काम करू नकोस, तुझ्या मुलांनी करू नये, चाकरांनी करू नये, गुराढोरांनीही नाही. तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, याची दोन कारणं येतात. एक, देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. दुसरं मला जास्त भिडतं: तुम्ही मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम होतात हे आठवा. गुलामाला सुटी कुठली? पुढे रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, निषिद्ध कामांचे 39 प्रकार ठरवले. पेरणी, दळण, शिवण, विस्तव पेटवणं, सगळं त्यात येतं.

'शनवार' हा शब्द तसा ढोबळच. आपला वार सूर्योदयाला बदलतो, ज्यूंचा सूर्यास्ताला. शब्बाथ शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावून सुरू होतो आणि शनिवारी आभाळात तीन तारे दिसले की संपतो. शुक्रवारच्या आशीर्वादाला द्राक्षारस लागतो. बेने इस्राएलांच्या घरी त्या जागी काळ्या मनुकांचं सरबत असतं.

इतर ज्यूंपासून कित्येक पिढ्या तुटलेल्या या लोकांकडे हिब्रू ग्रंथ उरले नव्हते. टिकलं ते एवढंच: शनिवार, आठव्या दिवशी मुलाची सुंता, काही उपास, खाण्याचे नियम आणि 'शमा', म्हणजे 'ऐक इस्राएला, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एक' ही कबुली. या धर्माचा गाभा विचाराल तर तो याच एका ओळीत आहे. मूर्ती नाही, अवतार नाही. दावीद राहबी नावाच्या ज्यूने त्यांची ओळख कशी पटवली, याची गोष्ट सांगतात. त्याने बायकांना निरनिराळी मासळी रांधायला दिली. त्यांनी पर आणि खवले असलेली तेवढी घेतली, बाकीची बाजूला काढली. तोराचा नियम नेमका तोच. कोकणात राहून कोळंबी-कुर्ल्या वर्ज्य म्हणजे काय, ते कोकण्यालाच विचारा.

आज शब्द कोणता वापरावा? इतिहास लिहिताना 'शनवार तेली' खुशाल लिहा, सोबत खुलासा द्या. आजच्या माणसाला मात्र तसं म्हणू नये. घाणे कधीच सुटले. इंग्रजी अमदानीपासून ही मंडळी पलटणीत, कचेऱ्यांत, शाळांत गेली. 'बेने इस्राएल' हे त्यांचं स्वतःचं नाव, अर्थ 'इस्राएलची लेकरं'. 'ज्यू' आणि 'यहुदी' दोन्ही मराठीत चालतात, पण त्यात बगदादी आणि कोचीचे ज्यूही येतात. नेमके कोकणातलेच म्हणायचे असतील तर 'बेने इस्राएल' लिहा.