तुझ्या आकृतीतली 'मालकी' नावाची रेघ

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. तुमच्या पीक कर्जाच्या सॉफ्टवेअरमधली माहिती कशी मांडायची, याची तुझी आकृती मिळाली. मोबाइलवर उघडली तर नुसत्या मुंग्या दिसल्या, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या कागदावर छापून आणली आणि जेवणाच्या टेबलावर पसरली. सदतीस चौकोन भरले. पीक कर्जाच्या अर्जासाठी सदतीस जरा जास्तच, पण ते राहू दे. तुझा प्रश्न असा की अशा आकृत्या काढायला, म्हणजे मॉडेलिंगला, ईआर (एंटिटी-रिलेशनशिप) ही भाषा शिकू, यूएमएल (युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेज) शिकू की आणखी काही. ऑफिसात प्रत्येक जण वेगळं सांगतो.

त्याआधी तुझ्या एका रेघेकडे वळते. 'शेतकरी' आणि 'जमीन' यांच्यामध्ये तू रेघ ओढलीस, तिच्यावर 'मालकी' लिहिलंस आणि टोकांना एक व अनेक. म्हणजे एका शेतकऱ्याच्या अनेक जमिनी, पण एका जमिनीचा शेतकरी एकच. आता तूच सोबत जोडलेला नमुन्याचा सातबारा समोर घे. गट एकच आहे. वर तीन भावांची नावं एका कंसात, त्या तिघांपुढे मिळून क्षेत्र १.२० हेक्टर-आर. त्याखाली चुलत्याचं नाव स्वतंत्र, क्षेत्र ०.४०. इतर हक्कांच्या रकान्यात विकास सोसायटीचा बोजा आणि विहिरीच्या पाण्यातला हिस्सा. प्रत्येक नोंदीजवळ फेरफार क्रमांक.

या कागदापुढे तुझी रेघ टिकत नाही. एका गटात चार माणसं आहेत, हे तर उघडच. पण तिथे नुसतं 'अनेक' लिहून सुटका नाही. १.२० हेक्टर हे क्षेत्र थोरल्याचं नाही, धाकट्याचंही नाही, त्या कंसाचं आहे. कंस हाच इथे एक धारक आहे. तुझ्या सदतीस चौकोनांत कंसासाठी जागा कुठे आहे? शिवाय थोरल्या भावाची दुसऱ्या गटात स्वतःची वेगळी जमीन निघाली, तर त्याचे आठ-अ, म्हणजे खात्याचे उतारे, दोन होतील, एक वैयक्तिक खात्याचा आणि एक सामाईक खात्याचा. तू मात्र शेतकऱ्याच्या चौकोनातच 'खाते क्रमांक' असा एक रकाना घालून मोकळी झालीस.

मॉडेलिंगची भाषा कशासाठी असते, ते इथे कळतं. आकृती देखणी व्हावी म्हणून नाही, आणि टेबलं आपोआप तयार व्हावीत म्हणूनही नाही. जो प्रश्न तुला सुचलाच नसता, तो विचारायला तिने भाग पाडावं. आणि प्रत्येक भाषा वेगळा प्रश्न विचारते. म्हणून 'कोणती चांगली' या वादात मी पडत नाही.

ईआर घे. पीटर चेन एमआयटीत शिकवत होता तेव्हा, १९७६ साली, ही पद्धत मांडणारा त्याचा निबंध आला. त्यात वस्तूंसाठी, म्हणजे एंटिटींसाठी, चौकोन होते आणि दोन चौकोनांमधल्या नात्यासाठी शंकरपाळ्यासारखी आकृती होती. तो शंकरपाळा मला फार प्रिय आहे. नात्यालाही स्वतःचे गुणधर्म असू शकतात, हे तो डोळ्यांसमोर ठेवतो. हिस्सा शेतकऱ्याचा गुण नाही, जमिनीचाही नाही, तो धारणेचा, म्हणजे जमीन धारण करण्याच्या नात्याचा, गुण आहे. पुढे रेघेच्या टोकाला तीन फाटे काढून 'अनेक' दाखवणारी कावळ्याच्या पायाची पद्धत रूढ झाली, शंकरपाळा गेला आणि नातं म्हणजे दोन डब्यांमधली नुसती तार उरली. तुझ्या टूलमध्येही तसंच आहे. तिथे 'धारणा' असा तिसरा चौकोन तुला स्वतः काढावा लागेल. यूएमएलमध्ये चौकोनाला क्लास म्हणतात, आणि रेघेलाच तुटक रेषेने एक क्लास टांगता येतो. तू तो पर्याय उघडूनही पाहिला नसशील.

चेनने १९८३ मध्ये आणखी एक गंमत केली. इंग्रजी वाक्यरचना आणि ईआर यांची सांगड घातली. सामान्यनाम म्हणजे एंटिटी, सकर्मक क्रियापद म्हणजे नातं, विशेषण म्हणजे एंटिटीचा गुण, क्रियाविशेषण म्हणजे नात्याचा गुण. हे मराठीत करून बघ, मजा येते आणि फसायलाही होतं. 'गणपत निम्मी जमीन धारण करतो.' व्याकरणात 'निम्मी' हे जमिनीचं विशेषण. पण जमीन निम्मी नाही, ती अख्खीच आहे; निम्मं आहे ते धारण करणं. व्याकरणावर विसंबलीस तर 'निम्मी' जमिनीच्या चौकोनात जाऊन बसेल. चेनने धातुसाधित नामांचीही सोय केली होती: क्रियापदाचं नाम झालं की नात्याची एंटिटी होते. आपल्या महसूल खात्याने हे आधीच करून ठेवलंय. 'फेरफार' हा शब्दच बघ. बदलण्याच्या क्रियेचं नाम झालं, त्याला क्रमांक मिळाला, तारीख मिळाली, गाव नमुना सहामध्ये स्वतःची नोंदवही मिळाली. तुझ्या आकृतीत मात्र फेरफार हा चौकोनच नाही!

ओआरएमबद्दल तू ऐकलं असशील, पण बहुधा भलतंच. तुमच्याकडे ओआरएम म्हणजे ऑब्जेक्ट आणि टेबल जोडणारी लायब्ररी. मी म्हणते ते ऑब्जेक्ट-रोल मॉडेलिंग. नायसेन या संशोधकाच्या कामातून निघालेलं, पुढे टेरी हाल्पिनने १९८९ च्या क्वीन्सलंडमधल्या प्रबंधात नीट बांधलेलं. त्यात ॲट्रिब्यूट, म्हणजे चौकोनातला गुणधर्माचा रकाना, हा प्रकारच नाही, सगळी वाक्यं. आणि प्रत्येक वाक्याखाली खरी उदाहरणं भरून बघायची. आकृती मला कितीही आवडली तरी सोसायटीच्या सचिवापुढे ठेवली तर ते मान डोलावतात आणि चहा मागवतात. त्याऐवजी त्यांना वाक्य वाचून दाखव: 'एका गटात एका खात्याची एकच धारणा असते.' लगेच म्हणतील, 'नाही हो बाई, असं कुठे असतं!' त्या 'नाही हो'साठीच तू तिथे गेलेली असतेस. रेघेच्या दोन्ही टोकांनी एकेक वाक्य लिहायची सवय लाव. अंक कुठल्या टोकाला लिहायचा याबद्दल भाषांचं एकमत नाही. यूएमएलमध्ये तो पलीकडच्या टोकाला वाचायचा, फ्रान्सच्या मेरीझ पद्धतीत एंटिटीच्या अलीकडेच. वाक्य मात्र एकाच बाजूने वाचलं जातं.

आता माझी एक फजिती. पंचवीस वर्षांपूर्वी मी एका गावातल्या दूध संस्थेचा हिशेब संगणकावर आणला. 'सभासद' असा चौकोन काढला, त्याला कोड दिला आणि सकाळ-संध्याकाळचं दूध, फॅट, बिल, पशुखाद्याची कपात, सगळं त्या कोडाला बांधलं. पुढे एक सभासद वारला. म्हशींना त्याचं काय? दुसऱ्या सकाळी त्याची बायको कॅन घेऊन दारात उभी. कोड बंद करावा तर दूध मोजता येईना, चालू ठेवावा तर दूध मेलेल्या माणसाच्या नावावर. कारकुनाने नावापुढे 'मयत' लिहिलं आणि कोड चालू ठेवला. दिवाळीला दूधफरकाची यादी फलकावर लागली, तेव्हा ती बाई स्वतःच्या दुधाचे पैसे 'मयत' या शब्दासमोर शोधत होती. चूक सर्वस्वी माझी. माणूस हा माणूस असतो. सभासद ही त्याची एक भूमिका. दूध घालणारा ही वेगळी भूमिका, आणि ती सभासद नसलेल्यालाही असते. मी भूमिकेलाच माणूस मानलं होतं.

यासाठी शब्द मला फार उशिरा मिळाले. जियानकार्लो गुइझार्दीने २००५ साली नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात केलेल्या प्रबंधातून ऑन्टोयूएमएल हा यूएमएलचाच एक प्रकार निघाला. त्यात प्रत्येक क्लासवर शिक्का मारावा लागतो: ही मूळ जात, ही भूमिका, ही अवस्था. भूमिका सुटली तरी माणूस उरतो. तुझ्या आकृतीतले 'कर्जदार', 'जामीनदार' आणि 'वारस' हे तीन चौकोन या चाळणीतून काढ, तिन्ही गळतील. वारस उद्या कर्जदार होतो, हे तुला सांगायला नको.

तुझ्याआधी कोणी हे काम केलंय का, तेही बघ. आयएसओचं १९१५२ क्रमांकाचं मानक २०१२ साली आलं, जमीन-प्रशासनासाठीचं, त्याला एलएडीएम (लँड ॲडमिनिस्ट्रेशन डोमेन मॉडेल) म्हणतात. यूएमएलच्या क्लास डायग्राममध्येच लिहिलेलं आहे. एका बाजूला पक्षकार, दुसऱ्या बाजूला जमिनीची एककं आणि मध्ये हक्क, निर्बंध व जबाबदाऱ्या. हिस्सा त्या मधल्या क्लासवर लिहिलेला, बोजा हक्काशी जोडलेला. आणि पक्षकारांमध्ये 'समूह पक्षकार' नावाचा प्रकार. तो वाचला तेव्हा आपला कंस मला तिथे भेटला. बऱ्याच क्लासना नोंद कधीपासून कधीपर्यंत खरी, याच्या तारखा असतात. तुझ्याकडे आजचा सातबारा आहे, कालचा नाही.

बीपीएमएनवर, म्हणजे कामाचे टप्पे दाखवणाऱ्या आकृतीभाषेवर, फार वेळ घालवू नकोस. २.० आवृत्ती २०११ ची. चार-पाच चिन्हं आली की पुरे. मात्र फेरफाराच्या अवस्था मांडल्याशिवाय राहू नकोस. तलाठ्याने नोंद धरली, हितसंबंधितांना नोटीस गेली, हरकतीचे पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केली किंवा रद्द केली. मधल्या दिवसांत अर्ज आला तर तुमचं सॉफ्टवेअर त्या नोंदीला काय समजणार? चौकोन आणि रेघा याचं उत्तर देत नाहीत, इथे यूएमएलची स्टेट आकृती लागते.

तर सध्या असं कर. कागदावर शंकरपाळे काढ, सचिवांपुढे वाक्यं वाच आणि ऑफिसच्या दस्तऐवजात यूएमएल ठेव, कारण १९९७ मध्ये ओएमजी (ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप) या मानकं ठरवणाऱ्या संघटनेने ते स्वीकारल्यापासून वाचता येणारी माणसं त्याचीच जास्त मिळतात. सदतीस चौकोनांना सध्या हात लावू नकोस. आधी सोसायटीत जा आणि एवढंच विचारून ये: कंसातल्या तिघांपैकी धाकटा एकटाच कर्ज मागायला आला, तर बोजा कोणाच्या नावावर चढतो, आणि उरलेल्या दोघांची सही लागते का? रविवारी घरी ये, मोठा कागद टेबलावर तसाच ठेवलाय. आईला सांग, लोणचं पोचलं.

तुझी,
मावशी