सम सापडेपर्यंत नेक्स्ट दाबू नकोस

अगं,

तुझा मेसेज वाचला. शास्त्रीय गाण्यातला ख्याल "सुरूच होत नाही", जॅझ "डोक्यावरून जातं" आणि मेटल म्हणजे "नुसता आरडाओरडा". तुला जे ऐकू आलं ते तसंच ऐकू आलं, त्यात खोटं काही नाही, फक्त तू तिन्हीकडे एकच गोष्ट मागतेयस, गुणगुणता येईल अशी चाल, आणि ती अर्ध्या मिनिटात नाही मिळाली की नेक्स्ट. म्हणजे बुद्धिबळ बघायला बसायचं आणि सिक्सर कधी मारणार म्हणून विचारत राहायचं.

प्रत्येक संगीतातली मजा वेगळ्या जागी असते, ती जागा आधी शोधायची. ख्यालाचंच घे. विलंबित एकतालात मात्रा, म्हणजे ठोके, बाराच, पण लय इतकी संथ ठेवतात की एक आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, कधीकधी मिनिटभराच्या आसपास चालतं, मग काही घडतच नाहीये असं वाटणारच ना. घडतंय ते आत, एका स्वरावर किती थांबायचं, पुढचा स्वर आत्ता दाखवायचा की अजून हुलकावणी द्यायची, आणि एवढं सगळं फिरून समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, नेमकं कसं यायचं. तू शब्द सोड, राग कुठला ते पण सोड, फक्त तबला ऐक आणि सम कधी येते तेवढं पकड. सुरुवातीला हुकेल, हुकू दे. एकदा का ती तुला आधीच दिसायला लागली की गाणारा तिथे कसा पोचणार याची धाकधूक तुलाच लागते आणि मग ते गाणं संथ राहत नाही.

जॅझसाठी ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचा १९५९ चा 'काइंड ऑफ ब्लू' हा अल्बम लाव, आणि त्यातलं पहिलंच 'सो व्हॉट' ऐक. तिथे मुख्य चाल वाजवतो तो बास, बाकीचे त्याला दोन कॉर्डमध्ये, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या दोन गुच्छांत, उत्तर देतात. पुढे ३२ बारांचा (बार म्हणजे ठराविक ठोक्यांचा तुकडा) एकच साचा फिरत राहतो, १६ बार एका स्केलवर, म्हणजे स्वरांच्या एका संचावर, मग ८ बार सगळं अर्ध्या स्वराने वर, मग ८ परत खाली. बस, एवढंच. आता सोलो चालू असताना तो वर सरकण्याचा क्षण पकडायचा. एवढं जमलं की "हे काहीही वाजवतायत" हे वाटणं निम्मं तरी कमी होतं, कारण जमीन कुठे आहे ते आता तुला माहितीये.

मेटलमध्ये गायकाकडे सध्या बघूच नकोस, गिटारचा रिफ, म्हणजे परत परत येणारा तो छोटा तुकडा, ऐक. ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारिस्ट टोनी आयोमी, त्याच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या अपघातात गेली होती, तारा दाबायला सोपं जावं म्हणून त्याने त्या सैल करून खालच्या सुरात लावल्या, त्यांच्या १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' अल्बममध्ये ते स्पष्ट ऐकू येतं. त्या आवाजाचं जडपण पुढे किती बँडनी उचललं बघ!

आणि "बेसूर वाटतं" हे जरा जपून म्हणत जा. बालीच्या गॅमेलानमध्ये, म्हणजे तिकडच्या धातूच्या वाद्यांच्या ताफ्यात, वाद्यांच्या जोड्या मुद्दाम एकमेकींपासून किंचित वेगळ्या सुरात लावतात, दोन्ही एकदम वाजली की आवाज थरथरतो, आणि तो थरथराट नसेल तर तिकडच्या लोकांना ते वाद्य मेल्यासारखं वाटतं. बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांवरचा एक अभ्यास २०१६ मध्ये 'नेचर'मध्ये आला होता, त्यांना आपल्याला गोड वाटणारे आणि खटकणारे कॉर्ड ऐकवले तर दोन्ही सारखेच छान वाटले. म्हणजे खटकण्यातला बराच भाग सवयीचा आहे, आणि सवय लावून घेता येते.

त्यासाठी ते "जगभरातलं संगीत" टाइप शफल प्लेलिस्ट प्रकरण मला फारसं पटत नाही. सगळ्याची चव घेतली असं वाटतं आणि कान होता तिथेच राहतो. त्यापेक्षा एकच अल्बम घे आणि दोन आठवडे तोच ऐक, एकदा फक्त बास, एकदा फक्त ड्रम, एकदा काहीच न ठरवता. मधे मोबाईल बघितलास तरी चालेल, पण अल्बम बदलायचा नाही.

न आवडण्याची पण पूर्ण मुभा आहे हं. मला ऑपेरातला तो भरदार कंप असलेला आवाज अजून झेपत नाही. माइक नसताना अख्ख्या ऑर्केस्ट्रावरून आवाज पोचवायचा म्हणून ते लोक ३००० हर्ट्झच्या आसपासची धार आवाजात आणतात, कारण तिथे ऑर्केस्ट्राचा जोर कमी असतो, हे सगळं मला माहितीये, ऐकून थक्क पण होते, तरी स्वतःहून लावत नाही. पण न आवडणं आणि न ऐकताच नाक मुरडणं यातला फरक तुला कळतोच.

तुझ्या ग्रुपमधला तो मेटलवेडा आहे ना, त्याला "यात काय आवडतं तुला" असं नको विचारूस, लोक मग भाषण देतात. त्याला म्हण, तुझा सगळ्यात आवडता दहा सेकंदांचा तुकडा लाव, आणि तो लागला की त्याचं डोकं नेमकं कशावर हलतं ते बघ.