पंधराव्या वर्षी नोकरी : वय बसतं, पण वेळ बसते का?

प्रश्न : आम्ही बेळगावात वडगावला राहतो. मुलाने यंदा एसएसएलसी (दहावी) दिली, त्याला 15 पूर्ण होऊन चार महिने झाले. पीयूसीला (अकरावी-बारावीला) घालायचंच आहे, पण तोवर, आणि जमलं तर पुढेही, त्याने थोडं कमवावं असं घरात चाललंय. माझ्या भावाचं खडेबाजारात कपड्याचं दुकान आहे. सकाळी 10 ते रात्री 9, महिना 7 हजार, आणि मधून मधून स्कूटरवरून गिऱ्हाइकांच्या घरी पार्सल पोचवायचं. दुसरीकडे मिस्टरांच्या ओळखीच्या एकाचं शिनोळीला फौंड्रीचं (धातूच्या ओतकामाचं) युनिट आहे. तो फेटलिंगच्या कामाला 10 हजार देतो म्हणतो, पण दोन वर्षांचा बॉन्ड करायचा आणि ओरिजिनल मार्क्सकार्ड त्याच्याकडे ठेवायचं. वर म्हणतो, ‘शिनोळी महाराष्ट्रात आहे, बेळगावचं लेबर ऑफिस इथे येत नाही.’ माझी 12 वर्षांची मुलगीही सुट्टीत मामाच्या दुकानात बसते. यातलं काय चालेल?

उत्तर : ताई, मुलाचं वय नोकरीला बसतं. बाल आणि किशोरवयीन कामगार कायदा 1986 चा आहे, त्यात 2016 मध्ये मोठी दुरुस्ती झाली. तेव्हापासून 14 वर्षांखालच्या मुलाला कुठेही कामाला ठेवता येत नाही, आणि 14 ते 18 मधल्याला धोकादायक काम सोडून बाकी ठिकाणी ठेवता येतं. लोकांना यातला 14 हा आकडा तेवढा पाठ असतो. पुढचं कुणी वाचत नाही, आणि तुम्हाला आलेल्या दोन्ही नोकऱ्या नेमक्या तिथेच अडतात.

शिनोळीचं आधी बोलू, कारण तिथे माझं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. फौंड्रीतलं ओतकाम, कास्टिंगची साफसफाई, शॉट ब्लास्टिंग, धातूचं ग्राइंडिंग हे सगळं धोकादायक प्रक्रियांच्या यादीत आहे. फेटलिंग म्हणजे हातात ग्राइंडर घेऊन कास्टिंगची कड घासायची. ठिणग्या तोंडाकडे, वाळूची धूळ छातीत. 18 पूर्ण होईपर्यंत हे काम त्याला देणं गुन्हा आहे. मालकाला 6 महिने ते 2 वर्षं कैद, किंवा 20 हजार ते 50 हजार दंड, किंवा दोन्ही. पोलिस वॉरंटशिवाय कारवाई करू शकतात. आईबापाला पहिल्या वेळी शिक्षा नाही, पण पुन्हा तेच केलं तर 10 हजारांपर्यंत दंड आहे.

आता ‘महाराष्ट्रात आहे’ हा मुद्दा. सीमाभागात राहणाऱ्याला हे पटकन खरं वाटतं, कारण आपल्याकडे एसटी बदलते, पाटी बदलते, साताबाऱ्याचा उतारासुद्धा बदलतो. पण हा कायदा केंद्राचा आहे. शिनोळीत तोच, उद्यमबागेत तोच, निपाणीतही तोच. फरक एवढाच की काम जिथे चालतं तिथलं लेबर ऑफिस तपासणी करतं. म्हणजे शिनोळी चंदगड तालुक्यात, तर तक्रार कोल्हापूर जिल्ह्यात. बेळगावचा इन्स्पेक्टर येत नाही हे खरं, पण कोल्हापूरचा येऊ शकतो. हे मालकाने तुम्हाला सांगितलं नाही.

आणि बॉन्ड. 18 खालच्याने केलेला करार कायद्याने मुळातच रद्दबातल असतो. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सर्वांत वरच्या कोर्टाने, 1903 मध्ये मोहरीबीबीच्या खटल्यात हे ठरवून टाकलं, आणि अजून तेच चालू आहे. कोर्टाबाहेर 100 रुपयांच्या स्टॅम्पवर कितीही ठसठशीत टाइप करून आणला तरी मुलगा त्याला बांधील नाही. तुम्ही पालक म्हणून सही केलीत तरी त्याला दोन वर्षं तिथे बसवून ठेवता येणार नाही. पण तुम्ही किंवा मिस्टरांनी स्वतः ‘मुलगा सोडून गेला तर आम्ही इतके रुपये भरू’ असं लिहून दिलंत, तर मात्र तो कागद तुमच्या मागे लागू शकतो. म्हणून सही नकोच. मार्क्सकार्ड कुठल्याही मालकाला द्यायचं नाही. झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवा आणि परत आणा.

मामाचं दुकान मात्र जमवता येईल. कापड दुकान धोकादायक यादीत नाही. अडचण वेळेची आहे. किशोरवयीन मुलाला संध्याकाळी 7 ते सकाळी 8 कामावर ठेवता येत नाही. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, त्यानंतर किमान एक तास सुट्टी, आणि ही सुट्टी धरून दिवसाचे एकूण सहा तास. ओव्हरटाइम बंद. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी. त्यामुळे 10 ते 9 हे अकरा तास कुठल्याच हिशेबात बसत नाहीत.

तुमचा भाऊ म्हणेल, ‘घरचंच पोरगं, त्याचे कसले तास मोजायचे?’ सूट आहे, पण ती मालक स्वतः, त्याची बायको, मुलं आणि भाऊ-बहीण मिळून चालवतात त्या दुकानाला. भाचा त्यात येत नाही. तेव्हा भावाला असं सुचवा : सुट्टीत दुपारी 1 ते 4, मग तासभर चहा-विश्रांती, मग 5 ते 7. खडेबाजारात गिऱ्हाईक संध्याकाळीच वाढतं, त्यामुळे त्याचीही सोय होईल. कॉलेज सुरू झाल्यावर 4 ते 7, फार तर. पीयूसीत सायन्स घेतलं आणि ट्यूशन लागली तर तेही मला जास्त वाटतं, पण तो निर्णय घरचा. पगार तासांच्या हिशेबाने कमी होईल, तेही आत्ताच बोलून घ्या. बहीण-भावात पैशाची गोष्ट मोघम ठेवली की दिवाळीला तोंडं फिरतात.

भावालाही दोन गोष्टी कराव्या लागतील. मुलगा लागला की 30 दिवसांत लेबर इन्स्पेक्टरला लेखी कळवायचं, आणि रजिस्टर ठेवायचं : नाव, जन्मतारीख, कामाची व सुट्टीची वेळ, कामाचं स्वरूप. वहीत नाव नसलं आणि उद्या माळ्यावरून गठ्ठा काढताना पोरगा पडला, तर तो तिथे कामाला होता हेच सिद्ध करत बसावं लागतं. पगार मुलाच्या खात्यावर घ्या. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2025 मध्ये 10 वर्षांवरच्या मुलांना स्वतः चालवता येईल असं बचत खातं उघडायला परवानगी दिली आहे. अटी बँकेगणिक वेगळ्या असतात.

स्कूटर पूर्ण बंद. 16 व्या वर्षी 50 सीसीपर्यंतच्या गाडीचं लायसन्स मिळतं, पण तुमचा मुलगा अजून 16 चाही नाही आणि मामाची गाडी 50 सीसीची नसणार. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलगा गाडी चालवताना सापडला तर पालक किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि मुलाला 25 व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. पार्सल सायकलवरून जाऊ दे, तेही जवळपासच.

मुलीचं उत्तर वेगळं आहे. ती 14 खालची, म्हणून पगारी काम नाही. पण घरच्या धंद्यात मदत करायला या वयाच्या मुलांना मुभा आहे, आणि इथे ‘घरचे’ म्हणजे आई-वडील, भावंडांबरोबर काका, आत्या, मामा, मावशीही येतात. मामाकडे सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर बसली तर चालेल. दिवसाला तीन तासांच्या वर नको, संध्याकाळी 7 नंतर नको, आणि नोकरमाणसाच्या जागी तिला उभी करायची नाही.

मुलाचा ओढा मशीनच्या कामाकडेच असेल तर आयटीआयला फिटर किंवा टर्नरला घालता येईल. दोन वर्षांचा कोर्स आहे. तो संपेपर्यंत तो अठराच्या उंबरठ्यावर येईल, आणि मग फौंड्रीत शिरायचं की नाही ते हातात सर्टिफिकेट घेऊन ठरवेल.

शेवटचं, शिनोळीच्या माणसाला मार्क्सकार्ड आधीच दिलं असेल तर आज ते लेखी मागा, स्पीड पोस्टाने, म्हणजे पोच राहील. मुलाने चार दिवस काम केलं असेल तर त्या दिवसांची मजुरीही त्याच पत्रात मागा. 18 खालच्या मुलाची कमाई अडवून ठेवणाऱ्याला बाल न्याय कायद्याखाली 5 वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख दंड होऊ शकतो, हे वाक्य पत्रात घाला. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर चंदगड पोलिस ठाण्यात पत्राची प्रत घेऊन जा, किंवा 1098 ला फोन करा. तो नंबर सीमेच्या दोन्ही बाजूंना चालतो.