‘भिंतीला तुंबड्या’ आणि कलप

निपाणीच्या एका वाचकाने विचारलं आहे: ‘आमच्या काकांनी पासष्टीत केसांना कलप लावायला सुरुवात केली. घरातलं एक माणूस म्हणालं, “म्हातारा भिंतीला तुंबड्या लावालाय!” हा वाक्प्रचार इथं बसतो का?’

माझ्या मते बसत नाही. पूर्ण म्हण अशी: ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी.’ पूर्वी न्हावी केस कापण्याबरोबर दूषित रक्त काढण्याचंही काम करत. कातडीवर वस्तऱ्याने बारीक चिरा पाडायच्या, त्यावर पोकळ शिंग किंवा लहानसा भोपळा पालथा धरायचा आणि आतली हवा ओढून रक्त वर खेचायचं. हे साधन म्हणजे तुंबडी. (‘स्वतःची तुंबडी भरणे’ यातली तुंबडी वेगळी. ती भिक्षेकऱ्याच्या हातातली.) भिंतीला रक्तच नाही, म्हणून तिथं तुंबडी लावणं व्यर्थ. म्हणजे या म्हणीला दोन गोष्टी लागतात: हात रिकामे हवेत, आणि ज्याच्यावर काम चाललंय त्याला त्या कामाची काडीचीही गरज नको. शेजारच्या कन्नडमधला रिकामा सुतार स्वतःच्या पोराचं ढुंगण तासतो. तेलुगूतला रिकामा न्हावी मांजराचं डोकं भादरतो. या दोन्हींत कुणाला तरी इजा किंवा त्रास आहे. मराठीत निव्वळ निष्फळता आहे, आणि मला आपली म्हण त्यामुळेच जास्त नेमकी वाटते.

आता कलपाकडे पाहा. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यं बनवण्याच्या, अध्यायाची सुरुवातच केस रंगवण्यापासून केली आहे. डोक्याचे केस पांढरे असतील तर हार, अत्तर, वस्त्रं, दागिने काही शोभत नाही, असं तो स्वच्छ सांगतो. मग कृती देतो. लोखंडी भांड्यात कोद्रू या भरड धान्याचे तांदूळ लोहचूर्ण घालून आंबट द्रवात शिजवायचे, बारीक वाटायचे, केस आंबट द्रवाने ओले करून त्यावर लेप द्यायचा आणि ओल्या पानांनी डोकं बांधून बसायचं. दोन प्रहरांनी तो लेप काढून आवळ्याचा लावायचा, की पुन्हा दोन प्रहर. म्हणजे बारा तास डोकं बांधलेलं! पण यात रसायन पक्कं आहे. आंबटात लोखंड विरघळतं आणि आवळ्यातल्या तुरट द्रव्याशी मिळून काळं होतं. जुनी काळी शाई याच मेळातून होत असे. इतक्या विचाराने केलेल्या कामाला भिंतीवरची तुंबडी म्हणणं अन्याय आहे.

ग्रीक-रोमन काळात शिशाचं भस्म आणि विरलेला चुना एकत्र करून केस काळे करत. केसांतल्याच गंधकाशी शिसं मिळून काळा गंधकयुक्त पदार्थ तयार होई. रंग उत्तम, पण शिसं विषारी. तिथं आपली दुसरी म्हण लागू पडते: ‘रोगापेक्षा औषध भयंकर.’ १९०७ साली फ्रान्समध्ये युजीन शुएलर या रसायनतज्ज्ञाने कृत्रिम कलप तयार केला आणि १९०९मध्ये कंपनी काढली, तिच्या नावातच ‘निरुपद्रवी’ हा शब्द होता. तीच पुढे लॉरिआल झाली.

भिंतीला तुंबड्यांचं खरं उदाहरण हवं असेल तर तेही केसांतच सापडतं. १९७७ साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या फ्रँक आणि डोनाल्ड स्मिथ या बापलेकांना टक्कल झाकण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. उरलेल्या केसांचे तीन भाग करायचे आणि एकावर एक आडवे पसरायचे! टक्कल पडलेले पुरुष हे कुणालाही न विचारता कधीपासून करत आले होते, तेव्हा त्या पेटंटाची कुणालाच गरज नव्हती. २००४मध्ये त्याला इग नोबेल, म्हणजे नोबेलच्या धर्तीवरचं गमतीचं पारितोषिक, मिळालं.

जपानच्या केंजी कावाकामी यांचे ‘चिंदोगु’, म्हणजे काम करणाऱ्या पण कुणी वापरणार नाही अशा गमतीदार वस्तू, मात्र मी या म्हणीत घालणार नाही. डोक्यावर टॉयलेट पेपरची गुंडाळी बसवलेली टोपी घ्या. सर्दीवाल्याची गरज खरी, कागदही हाताशी येतो, फक्त ती घालून कुणी रस्त्यात निघणार नाही. ही वस्तू खरोखर बनवलेली असली पाहिजे पण विकता किंवा पेटंट करता येणार नाही, असे त्यांचे नियमच आहेत. याला ‘द्राविडी प्राणायाम’ जास्त जवळचं.

बेळगाव, खानापूर, चिकोडीकडे सलूनमध्ये ‘डाय मारणे’, ‘काळी मेंदी लावणे’ असंच ऐकू येतं. यातलं ‘काळी मेंदी’ मला खटकतं. नुसत्या मेंदीचा रंग तांबूसच येतो. ती काळी दिसते तेव्हा बहुधा आत रासायनिक कलपच असतो, आणि त्याची काहींना तीव्र ॲलर्जी होते. तेव्हा लावण्याआधी थोडं कातडीवर लावून दोन दिवस पाहावं. कन्नडमध्ये मेंदीला ‘मदरंगी’ म्हणतात आणि ‘गोरंटी’ही. ही गोरंटी म्हणजे आपली अंगणातली कोरांटी नव्हे.

काकांना चिडवायचंच असेल तर मराठीत सोय आहे. ‘माझे केस काही उन्हाने पांढरे झाले नाहीत’ असं वडीलधारी माणसं म्हणतात, तेव्हा पांढरे केस हा त्यांच्या अनुभवाचा पुरावा असतो. कलप लावल्यावर तो पुरावा दाखवता येत नाही. घरातल्यांनी टोमणा इथं मारावा. तुंबड्या भिंतीलाच राहू द्याव्यात.