झेडपी शाळेवरच्या विनोदी सिनेमाचं कथानक मध्यंतरानंतर का ढेपाळतं?

सोलापूरकडच्या द्विशिक्षकी शाळेवर दोन तासांची पटकथा, गमती भरपूर, तरी उत्तरार्ध रेंगाळतो. कारण बहुधा एकच. प्रसंग सुटे आहेत, त्यांना ओढणारी अडचण नाही.

पहिल्या 20 मिनिटांत गुरुजींच्या हातून एक खोटं घडवा. पोरं 18, हजेरीवर 31. आता प्रत्येक गंमत त्या 13 नावांतूनच निघू द्या. पोषण आहाराचा जादा तांदूळ ठेवायचा कुठं? तपासणीची तारीख मध्यंतराला येऊ द्या, मग ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवरची, म्हणजे हंगामी झोपड्यांतली, पोरं उसनी आणा. त्यांना नवी नावं पाठ करून घेण्याचा प्रसंग निवांत लिहा, पोट धरून हसवणारा ऐवज तिथंच आहे. 2011 च्या पटपडताळणीत, म्हणजे शाळांतली पोरं प्रत्यक्ष मोजायच्या सरकारी मोहिमेत, पोरांच्या बोटांना शाई लावली होती. ती वापराच, कारण शाई लागलेलं पोर दुसऱ्या शाळेत पुन्हा मोजता येत नाही.

शेवट साहेबाच्या दयेवर सोडू नका. हंगाम संपतो, कोप्या उठतात, पण उसन्या पोरांतल्या एकीला इथंच शिकायचंय. गाठ तिच्या हट्टानं सुटू द्या. आणि हो, वाक्यामागं ‘बे’ लावलं की सोलापुरी विनोद होत नाही.