१९६५ च्या एमजीबी रेस कारला पुढचे व्हील बेअरिंग कोणते घालावे आणि किती आवळावे?

आपण बेअरिंगची निवड आणि नटचा ताण विचारला आहे, आणि जाता जाता हबमधला (चाकाच्या मधल्या फिरत्या भागातला) स्पेसर, म्हणजे दोन बेअरिंगांमधली नळी, काढून टाकला तर चालेल का, असेही विचारले आहे. खरा प्रश्न हा शेवटचाच आहे. माझे उत्तर: अजिबात चालणार नाही.

मी इंग्लंडमध्ये हौशी संघांच्या जुन्या रेस कारवर काम करतो. अशाच एका एमजीबीचा चालक मॅलरी पार्कच्या शर्यतीच्या ट्रॅकवर तक्रार करू लागला की जेरार्ड्स नावाचे लांबलचक उजवे वळण संपवून सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक दाबला की पेडल खोल जाते, आणि लगेच पुन्हा दाबले की जागेवर येते. संघातल्या ज्येष्ठ मेकॅनिकने ब्रेकचा मास्टर सिलिंडर बदलला, ब्रेकमधली हवा पुन्हा पुन्हा काढली, पण फरक पडला नाही. डावा हब उघडला तेव्हा आत स्पेसरही नव्हता आणि शिमही (अंतर भरणाऱ्या पातळ चकत्या) नव्हते. ते त्यांनीच पूर्वी काढले होते. तो तुकडा केवळ कारखान्यातल्या जुळणीच्या सोयीसाठी असतो, असे त्यांचे म्हणणे होते.

वास्तविक नट ४० ते ७० फूट-पाउंडांनी आवळला की दोन्ही बेअरिंगच्या आतल्या रेस (कड्या) आणि मधला स्पेसर एकमेकांवर घट्ट दाबले जातात आणि स्टब ॲक्सलला (चाक ज्यावर फिरते त्या आखूड दांड्याला) मोठ्या व्यासाच्या नळीचा ताठपणा येतो. स्पेसर नसेल तर नट हलकाच ठेवावा लागतो, वळणावर ॲक्सल वाकतो, डिस्क तिरकी होऊन पॅडना मागे ढकलते आणि पुढच्या वेळी पेडल खोल जाते. स्पेसर घालून, शिमने ०.००३ इंच प्ले (ढिलेपणा) ठेवल्यावर त्या गाडीचे पेडल शर्यतभर टिकले. श्रेय मात्र आजही नव्या मास्टर सिलिंडरला दिले जाते, हे मला मान्य नाही.

बेअरिंग टेपर रोलरच (निमुळत्या रोलरचे) घ्यावे, नामांकित कंपनीचे, आणि कप (बाहेरची कडी) व कोन (रोलरसह आतला भाग) एकाच कंपनीचे. कप ठोकताना शेवटी हातोडीचा आवाज बदलून खणखणीत होतो. तोवर तो बसला असे समजू नये. आधी शिमशिवाय नट बेअरिंग जड फिरेपर्यंतच आवळून रेस बसवून घ्याव्यात. मग मुद्दाम जास्त शिम घालून नट पूर्ण आवळावा, डायल गेजने प्ले मोजावा आणि ०.००२ ते ०.००४ इंच उरेल एवढे शिम कमी करावेत. शिम वाढवला की प्ले वाढतो. नट जागेवर अडकवणाऱ्या स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल तर नट सैल करू नये, ताणाच्या मर्यादेत पुढे न्यावा. बेअरिंगची कंपनी बदलली की हे सगळे पुन्हा करावे लागते.

चाक हलवून प्ले जाणवला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगावे: प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा, उरला तर किंगपिनचा (ज्यावर चाक डावी-उजवीकडे वळते त्या खिळीचा) किंवा सस्पेन्शनचा.

हे सर्व एमजीबीपुरते आहे. ट्रायम्फ हेराल्ड आणि स्पिटफायरच्या पुढच्या हबमध्ये मुळातच स्पेसर नसतो, त्यामुळे तिथला अनुभव इथे पुरावा म्हणून कोणी सांगू नये. आणि आपली गाडी आधीच स्पेसरविना शर्यतीत धावली असेल, तर नवे बेअरिंग घालण्यापूर्वी दोन्ही स्टब ॲक्सलची चुंबकीय तडा-तपासणी करून घ्यावी. तडा सहसा आतल्या बेअरिंगच्या मागच्या गोलाईत सुरू होतो.